माझं बोट आणि मधले दोन

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी एका अँप्लिफायरच्या पोटात हात घालून बसले होते. "रत्नाताई, दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा. पण सोपं लिहा हं, वाचणाऱ्यांना कळलं पाहिजे." मी म्हटलं, "वाचणाऱ्यांच्या घरी तवा आहे ना? मग कळेल." बाई हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

गंमत नव्हती. गेली सदतीस वर्षं मी मोठे अँप्लिफायर बांधते आणि दुरुस्त करते, आणि त्यातलं निम्मं काम आवाजाचं नसतंच, तापाचं असतं. आधी नारायण पेठेतल्या एका छोट्या कारखान्यात नोकरी केली. मालकांनी तो बंद केल्यावर कसबा पेठेत तळमजल्याच्या दोन खोल्या घेऊन स्वतःचं सुरू केलं. अजून चालू आहे. "मावशी, रिटायर कधी होणार?" असं भाचा दर दिवाळीला विचारतो. मी त्याला चकल्या देते आणि विषय बदलते.

मी मूळची नागपूरकडची. आमच्या वस्तीतल्या विहाराचा भोंगा बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी बंद पडला आणि मी, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातली पोरगी, तो उघडून बसले. चालू झाला. वडील संध्याकाळी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो भोंगा दाखवत होते. पुढं पुण्यात नोकरी मिळाली ती त्या जोरावरच, म्हणजे कागदावर नव्हे, माझ्या मनात.

आता कामाचं. मोठ्या अँप्लिफायरमध्ये स्पीकरला जोर देणारे पॉवर ट्रान्झिस्टर असतात. काळे, चपटे, अर्ध्या काडेपेटीएवढे. एकट्याला एवढा करंट झेपत नाही, म्हणून सहा-सहा एका रांगेत लावायचे आणि ओझं सगळ्यांत वाटून द्यायचं. मार्केट यार्डात चार हमाल मिळून एक जड वस्तू उचलतात, तसंच. फरक एकच, आणि सगळी डोकेदुखी त्या फरकाची. हमाल दमला की जरा मागं सरतो, बाकीचे सांभाळून घेतात. ट्रान्झिस्टर तापला की उलट आणखी ओझं स्वतःकडे ओढतो. ओढलं की आणखी तापतो, तापला की आणखी ओढतो. शेजारचे पाच निवांत बसलेले असतात आणि हा एकटा जळून मोकळा होतो.

असं होऊ नये म्हणून आम्ही आधी सारख्या स्वभावाचे ट्रान्झिस्टर निवडतो. एकाच छापाचे शंभर आणले तरी त्यात एखादा उतावळा निघतो, एखादा सुस्त. प्रत्येकाला मीटरवर लावायचं, आकडा बघायचा आणि सारखे सारखे एका कप्प्यात टाकायचे. याला आम्ही जोड्या लावणं म्हणतो, मग ती जोडी सहाची का असेना. नंतर प्रत्येकाच्या पायात एक छोटा रेझिस्टर घालायचा, म्हणजे कुणी जास्त करंट ओढायला लागला की तो त्याला आवर घालतो. आणि सगळ्यांना ॲल्युमिनियमच्या एकाच, पातळ पात्यांचे पंखे असलेल्या ठोकळ्यावर, म्हणजे हीटसिंकवर, घट्ट बसवायचं, म्हणजे एकाचा ताप सगळ्यांत पसरतो. एवढं नीट केलं तर मशीन पंधरा वर्षं कुरकुर करत नाही. खोटं वाटत असेल तर कसब्यात या, चालू असलेली दाखवते.

कुरकुर करतात ती माणसं. एका मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक दर लग्नसराईत मशीन घेऊन यायचे. "तुमचं मशीन तापतं." माझ्याकडे चार तास चालवलं तरी ढिम्म तापायचं नाही. शेवटी मी स्वतः तिकडे गेले. मशीनवर भरतकामाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी, फुलदाणीशेजारी अक्षतांचं ताट. हवा जायच्या सगळ्या फटी बंद. मी म्हटलं, "अहो, आता एक शाल आणि नारळ पण ठेवा, म्हणजे सत्कार पुरा होईल." त्यांनी मुकाट्याने रुमाल उचलला. पुढच्या लग्नसराईत आले नाहीत. मशीन बरं झालं की ते रागावले, मी काही चौकशी केली नाही.

अशा गोष्टी लिहायच्या म्हटल्या तर अंक पुरणार नाही. पण लिहायला बसण्याआधी मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या भारतीला विचारलं होतं. ती म्हणाली, "बाकीच्यांच्या गमती खुशाल लिहा, ताई. पण माझं लिहिणार असाल तर सगळं लिहा. अर्धं नको." तर आता सगळं लिहिते.

त्यासाठी आधी बोटाबद्दल सांगायला हवं.

नारायण पेठेतल्या माझ्या मालकांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मशीन पूर्ण जोरात अर्धा तास चालवायचं. बटण बंद करायचं, दहा आकडे थांबायचं आणि एकेका ट्रान्झिस्टरवर बोट ठेवायचं. मनात मोजायचं. चटका सहन होईना म्हणून ज्या आकड्याला बोट उचललं, तो वहीत लिहायचा. सात आला तर ठीक. रांगेतले सगळे सारखे आले तर उत्तम. एखाद्याचा तीनच आला, तर तो जास्त ओझं ओढतोय, मशीन दारातून बाहेर जाता कामा नये.

माझ्या दुकानातही तेच चालू ठेवलं. वहीत दोन रकाने. पहिल्यात भारतीच्या बोटाचे आकडे, दुसऱ्यात माझ्या. दोघींचे जुळले नाहीत तर माझे धरायचे, असा नियम. नियम कुणी केला? मीच. शेवटी शेऱ्याची जागा आणि खाली माझी सही. भाच्याने लांबून तापमान दाखवणारी गन आणून दिली होती, ती मी खणात टाकली. डोशाचा तवा तापला का बघायला ती कधीमधी घरी न्यायचे. पुण्यातले चार दुरुस्तीवाले म्हणायचे की रत्नाताईंचं बोट लागलं म्हणजे शिक्का बसला. मलाही ते खरं वाटायचं. का वाटू नये?

भारती माझ्याकडे तेव्हा चौदा वर्षं होती. जोड्या लावायच्या त्या तिनंच. तिच्या टेबलावर मीटर, कप्प्यांचा डबा आणि पुसायचं पिवळं फडकं, बाकी काही नाही. बोलणं कमी, हात स्वच्छ. मी ओरडायचे आणि ती काम करायची, असं आमचं चौदा वर्षं चाललं होतं. दुकानातला तिसरा माणूस विलास. तो पत्र्याची कॅबिनेटं बनवायचा आणि आमच्या दोघींच्या मध्ये पडायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या तोंडावर, मार्केट यार्डातले कांदा-बटाट्याचे व्यापारी मोहनशेठ आले. सात-आठ गाळेवाल्यांनी मिळून लिलावाची पुकार लांबपर्यंत ऐकू जावी म्हणून अँप्लिफायर घ्यायचं ठरवलं होतं. आठ नग. सकाळपासून दुपारपर्यंत सतत चालणार, डोक्यावर पत्रा. मी म्हटलं, "शेठ, मशीन माझं असेल तर पत्रा वितळेल, मशीन नाही." असं बोलायची मला फार खुमखुमी.

या कामासाठी मी नवीन हीटसिंक निवडला. जुना जाड बुडाचा मिळेनासा झाला होता. नवीन दिसायला देखणा. पंखे दुप्पट, वजन निम्मं. बूड पातळ होतं, पण एवढे पंखे असताना बुडाकडे कोण बघतो? आठ मशीनं झाली. भारतीने बोट लावलं, मी बोट लावलं, सही केली, टेम्पो गेला.

बाराव्या दिवशी मोहनशेठ दोन मशीनं घेऊन दारात. "ताई, भर लिलावात मुकी झाली. कांद्याचा भाव मी काय हातवारे करून सांगू?"

मी तिथंच, त्यांच्यासमोर मशीन उघडलं. सहाच्या रांगेतला तिसरा फुटलेला, टवका उडालेला. दुसऱ्या मशीनमध्ये चौथा. सहातला एकच जळतो तेव्हा या धंद्यात पहिला संशय जोड्यांवर जातो. सहा सारखे नसले की उतावळा पुढं सरकतो आणि जळतो. माझा संशय जाऊन थांबला नाही, लगेच तोंडातून बाहेर आला.

"भारती, जोड्या कुणी लावल्या?"

"मीच लावल्या, ताई."

"लक्ष कुठं होतं? सासूबाईंच्या दवाखान्याचे फोन चालले होते ना महिनाभर? इथं काम करताना डोकं घरी ठेवून यायचं का?"

ती उठून जवळ आली. दोन्ही मशीनं बघितली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, जोडी माझी चुकली असती तर जळायची जागा बदलली असती. एकदा पहिला गेला असता, एकदा पाचवा. मधलेच कसे जातील?"

आज हे वाक्य लिहिताना कानशिलं गरम होतात. इतकं सरळ होतं. पण तेव्हा समोर गिऱ्हाईक उभं, हातात जळलेलं मशीन, आणि दुकानातली बाई मला माझा धंदा समजावून सांगतेय. मी म्हटलं, "मला शिकवू नकोस. वेंधळेपणा केलास तो केलास, वर तोंड करून बोलतेस!" आणि मोहनशेठकडे वळून सांगितलं, "शेठ, चूक माझ्या माणसाची आहे. आजपासून ही जोड्या लावणार नाही."

भारतीने मीटर बंद केला. फडक्याने पुसला, वर कापड घातलं. जेवणाचा डबा पिशवीत टाकला. आपल्याकडे निघताना माणूस "येते" म्हणतो. ती म्हणाली, "जाते." विलास पत्रा कापायचा थांबला होता. मी त्याला म्हटलं, "तुला काय झालं?" तो पुन्हा कापू लागला.

त्या दोन मशीनच्या जोड्या मी स्वतः लावल्या. एक नाही, तीनदा मोजून. आठवड्यात दोन्ही परत आली. एकात तिसरा, एकात चौथा.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? शहाणं माणूस त्याच दुपारी भारतीच्या घरी गेलं असतं. मी नवीन हीटसिंक बनवणाऱ्याला फोन करून त्याच्यावर ओरडले. कारण आता माझ्याही लक्षात आलं होतं. रांगेतल्या टोकाच्यांना एका बाजूला मोकळी जागा असते, मधल्या दोघांना दोन्हीकडून शेजाऱ्यांची धग लागते. बूड जाड असतं तर ती धग पसरली असती. बूड पातळ, म्हणून मधेच साचते. खणातून गन काढून बघितली, मधले दोघं टोकाच्यांपेक्षा चांगलेच गरम. बोट लावलं, तर मला सगळे सारखे. म्हटलं, गन जरा जास्त दाखवत असेल. भारतीला फोन करावा असं रोज मनात यायचं आणि रोज मी स्वतःला सांगायचे की हीटसिंकवाल्याची चूक, हे आधी कुणाला कळणार होतं? तिलाही नाही, मलाही नाही. खरं सांगू? लाज वाटत होती, म्हणून मी हे पाठ करत होते.

मशीन तर दुरुस्त करायलाच हवी होती. आठही कॅबिनेटं तयार, जाड हीटसिंक त्यात मावेना. मग डोक्यात आलं, तांबं. तांबं उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा भराभर पसरवतं. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामध्ये जाड तांब्याची पट्टी घातली तर मधली धग टोकापर्यंत पळेल. आणि कसब्यात राहून तांब्यासाठी लांब कशाला जायचं? दोन गल्ल्या ओलांडल्या की तांबटांची ठकठक ऐकू येते. तिथल्या दत्तूकाकांकडून मी पूर्वी एक बंब दुरुस्त करून घेतला होता. वय पंचाहत्तर, अजून रोज हातोडी चालवतात.

काका म्हणाले, "म्हणजे पातेल्याचं बूडच की. पातळ असलं की मधे करपतं. एवढं सांगायला चित्र कशाला काढून आणलंस?" एका मशीनमध्ये सहाच्या दोन रांगा, म्हणून आठ मशीनना सोळा पट्ट्या सांगितल्या. अर्धं बोट जाड, साध्या, सपाट. शुक्रवारी या म्हणाले.

शुक्रवारी गेले तर काकांनी धोतराच्या सोग्याने पुसून एकेक पट्टी माझ्यापुढे मांडली. लखलखीत. आणि प्रत्येक पट्टीवर, दोन्ही बाजूंनी, हातोडीच्या बारीक बारीक खळ्यांची ओळीने नक्षी. मठार! तांब्याच्या घागरीवर, लोट्यावर असते ती.

"अहो काका, हे काय करून ठेवलंत?"

"मठारकाम. का? वाकडं झालं कुठं?"

"अहो, यावर ट्रान्झिस्टर बसवायचाय! खळग्यांवर तो बसणार कसा? चार ठिकाणी टेकेल, बाकी खाली हवा. हवेतून ताप जातो का? मी सपाट सांगितलं होतं."

काका चांगलेच दुखावले. "साधी पट्टी या दुकानातून आजवर गेली नाही. मठारल्याने तांबं कडक होतं, टिकतं. आणि कामाला शोभा येते."

"ही कॅबिनेटच्या आत जाणार. कुणाला दिसणार आहे?"

"कुणाला दिसणार नाही म्हणून वाईट करून देऊ?"

आम्ही दोघंही फुरंगटून बसलो. आतून त्यांची सून चहा घेऊन आली. स्टीलचे पेले, काठोकाठ. काकांनी एक उचलला, मी एक उचलला. सून ओरडली, "अहो ताई, पदराने धरा! आत्ता उकळी फोडून आणलाय, मी ताटलीतून आणला!"

मी पेल्याकडे पाहिलं. वाफ येत होती. बोटांना कोमट लागत होतं.

काका हसायला लागले. "अगं, हिचे हातही माझ्यासारखे मेलेत. हातोडीने माझे, तारा जोडायच्या गरम डागणीने हिचे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणून मी भांड्याचा कान हाताला लावून ठरवत नाही. पाणी तापवायचं आणि सूनबाईच्या हातात द्यायचं. तिने धरलं तर कान बरोबर. माझा हात काय, निखारा पण धरील. त्याला विचारून भांडं विकलं तर लोकांचे हात भाजतील की."

मी चहा तसाच ठेवला आणि उठले. काकांना वाटलं, मी पट्ट्यांवरून रागावले.

दुकानात येऊन वही काढली. त्या आठ मशीनचं पान. भारतीचा रकाना: सात, सहा, तीन, तीन, सहा, सात. खाली दुसरी रांग, तसंच. आठही मशीनना तसंच. माझा रकाना: दहा, दहा, दहा, दहा, दहा, दहा. दहाला मी चटका बसून बोट उचललं नव्हतं. कंटाळा आला म्हणून उचललं होतं.

मग जुन्या वह्या काढल्या. चौदा वर्षांपूर्वी आम्हा दोघींचे आकडे जुळत होते. तिचा सात, माझा सात. पुढं माझा आठ. मग नऊ. मग सरसकट दहा. डागणीची टोकं आणि गरम शिसं धरून धरून माझं बोट वर्षाला थोडं थोडं मरत गेलं होतं, आणि ते मी माझ्याच अक्षरात लिहून ठेवलं होतं. मला आठवलं, भारती पटकन बोट उचलायची तेव्हा मी हसायचे. "तुझं बोट फार नाजूक बाई, तू साड्यांच्या दुकानात शोभली असतीस." सगळ्यांसमोर.

आणि शेऱ्याच्या जागेत तिच्या बारीक अक्षरात: "मधले दोन लवकर तापतात. नवीन हीटसिंकमुळे असेल. ताईंनी बघावे." त्याच्या खाली माझी सही. तपासले, रत्ना.

विलासने विचारलं, "ताई, पाणी देऊ?" मी रडत होते ते मला त्याच्या विचारण्यावरून कळलं.

भारती नारायण पेठेत एका झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानात लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. काउंटरवर तीच.

"बोला ताई. स्पायरल करायचं की साधं बाइंडिंग?"

मी वही उघडून तिच्यापुढं ठेवली. "तू लिहिलं होतंस. मी न वाचता सही केली. चूक जोड्यांची नव्हती, हीटसिंक मी चुकीचा घेतला आणि माझ्या बोटाला काही कळत नाही, हेही मला कळलं नाही. मी तुला नको ते बोलले. चुकले मी, भारती."

तिने वही बघितली. पान नीट सारखं केलं. मग म्हणाली, "हे मला इथं सांगून काय उपयोग? इथं मला कुणी वेंधळी म्हणत नाही."

"मग कुठं सांगू?"

"जिथं म्हणालात तिथं. मोहनशेठपुढं."

शेठना मी मशीन दुरुस्त होतील एवढंच सांगितलं होतं. माल निवडण्यात माझी चूक आणि तपासणीत माझं बोट खोटं, असं बोलले तर ते आठही मशीन परत करतील आणि यार्डभर सांगतील. पुण्यात माझ्याकडे नावाखेरीज दुसरं भांडवल नाही. पण भारतीचं नावही मी त्याच माणसापुढं घालवलं होतं. मी म्हटलं, "सांगते. तू ये बरोबर."

ती म्हणाली, "मशीन तयार झाली की कळवा. येते."

पट्ट्यांचं काय केलं ते सांगायला हवं. काचेच्या तावदानावर पॉलिश पेपर पसरून, पाणी टाकून, मी आणि विलासने सोळा पट्ट्या दोन्ही बाजूंनी घासून सपाट केल्या. चार दिवस गेले, खांदे भरून आले. दत्तूकाका रोज येऊन बघायचे आणि आपलं पोर न्हाव्याकडे बसवल्यासारखा चेहरा करायचे. "कडेचं तरी राहू दे," म्हणाले. कडेला कुठं काही टेकत नव्हतं. राहू दिलं. आजही ती मशीन उघडली तर पट्टीच्या कडेला मठार दिसतो. गरज नाही, पण आहे.

पहिलं मशीन तयार झाल्यावर मी, भारती आणि विलास मार्केट यार्डात गेलो. उन्हाने पत्रा तडतडत होता. मोहनशेठ गादीवर, आजूबाजूला दोन-तीन गाळेवाले. मी उभ्यानेच बोलले. बसले असते तर शब्द फिरवले असते.

"शेठ, त्या दिवशी मी तुमच्यासमोर भारतीला वेंधळी म्हटलं. वेंधळी मी होते. मशीन माझ्या निवडीमुळे जळली. हिने तुमच्याकडे माल येण्याआधी वहीत लिहून ठेवलं होतं. मी वाचलं नाही. आता मशीन तिच्या बोटावर पास होईल, माझ्या नाही."

गाळेवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. मोहनशेठ म्हणाले, "ताई, बोटाचं मला कळत नाही, आवाजाचं सांगा. आता मुकी होतील का?"

"नाही होणार."

"हे तुम्ही मागच्या वेळी पण म्हणाला होतात." आणि भारतीकडे वळून, "बाई, तुम्ही सांगा. तुम्ही हो म्हणालात तर ठेवतो. नाही म्हणालात तर आठही उचला."

भारती म्हणाली, "आधी तापवू तर द्या."

भर दुपारी, पत्र्याखाली, मशीन पूर्ण जोरात लावलं. लिलाव संपलेला होता, तरी पुकारणारा हौसेने ओरडत राहिला. अर्धा नाही, पाऊण तास. मग बटण बंद. भारतीने दहा आकडे मोजले, पदराला हात पुसला आणि पहिल्यावर बोट ठेवलं. मी तिच्या ओठांकडे बघत होते.

"सात." दुसरा. "सात." तिसरा, मधला. तिने बोट ठेवलं आणि मी मनात मोजायला लागले. तीन गेला. चार गेला. पाच. सहा. "सात," ती म्हणाली आणि बोट उचललं. चौथा, "सात." पाचवा, सहावा, सात. खालची रांगही तशीच.

मोहनशेठना राहवेना. उठून आले आणि मधल्यावर बोट टेकवलं. दोनलाच "अरे बापरे" करून उचललं. "अहो, हे तर भाजतंय!"

भारती म्हणाली, "शेठ, तुमचं बोट गादीवरचं आहे. ते धरता येणार नाही." गाळेवाले खो खो हसले. शेठही हसले. "ठेवा मशीन. बाकीची पण आणा," म्हणाले. या गोष्टीला तीन उन्हाळे झाले, आठही मशीन चालू आहेत.

भारतीने माझ्या पिशवीतून वही काढली. आपला रकाना भरला. मग मला म्हणाली, "ताई, तुम्ही पण लावा."

मी मधल्यावर बोट ठेवलं. पाच. दहा. पंधरा. वीसला मी स्वतःच उचललं. चौतीस वर्षांचं ते बोट, ज्याच्या जोरावर मी एवढी मिजास केली, त्याला नुसतं कोमट लागत होतं. भारतीने माझ्याकडे पाहिलं, दुसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ मारली आणि वही माझ्यापुढं सरकवली.

मी पान वरपासून वाचलं. प्रत्येक आकडा, शेरा, तिची तारीख. सगळं वाचून झाल्यावर सही केली.